रीलोडिंगमधली मजा गेली? मग या चुका टाळा

काडतुसं स्वतः भरण्याचा छंद मी वर्षभर बंद ठेवला होता. त्याआधी प्रोग्रेसिव्ह प्रेस (सगळे टप्पे एकत्र करणारं भरणी यंत्र) घेतला होता, हँडल ओढलं की एक काडतूस तयार, आणि रेंजवर जायच्या आदल्या रात्री दोनशेचा डबा भरायचा. हाताला सवय लागली आणि लक्ष उडालं. परत सुरुवात केली ती साध्या सिंगल-स्टेज प्रेसवर, म्हणजे एका वेळी एकच टप्पा करणाऱ्या यंत्रावर, एका बैठकीला फक्त पन्नास. मजा तेव्हा परत आली. आधीच्या चुका घाईतून होत होत्या, हेही तेव्हाच कळलं. (परवान्याचे नियम देशागणिक वेगळे असतात. ते पाहिल्याशिवाय प्रेसला हात लावू नका.)

जुनी पावडर ओळखीची समजणं

परतलेल्या माणसाची पहिली चूक हीच. हॉपरमध्ये, म्हणजे प्रेसवरच्या टाकीत, थोडी पावडर (काडतुसातली दारू) उरलेली असते आणि ‘ही तीच असणार’ असं वाटतं. रंग आणि दाणा पाहून पावडर ओळखता येत नाही. मूळ डब्यात नसेल तर ती वापरायची नाही. डब्यातल्या पावडरीलाही आंबूस, झोंबणारा वास येत असेल किंवा तांबूस धूळ दिसत असेल, तर ती खराब झाली आहे. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवा.

दुहेरी भरणा

या चुकीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. .३८ स्पेशल हे काडतूस १८९८ सालचं, काळ्या दारूसाठी आखलेलं. त्या दारूला जागा भरपूर लागायची, म्हणून पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) मोठी. आजची धूररहित पावडर तिच्या तळाशी जेमतेम दिसते. चुकून दोनदा पडली तरी पुंगळी भरून वाहत नाही, आणि तसं काडतूस पिस्तुलाच्या चिंधड्या करू शकतं. उपाय साधा आहे. पावडर टाकलेल्या सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करा आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च मारून प्रत्येकीची पातळी पाहा. शक्य असेल तर अर्ध्याहून जास्त पुंगळी भरेल अशी फुगीर पावडर निवडा. दुसऱ्यांदा टाकली की ती सांडते आणि चूक लगेच दिसते.

रिकामी राहिलेली पुंगळीही तितकीच घातक. नेहमीच्या आवाजाऐवजी नुसता ‘फट्’ आला, तर लगेच थांबा. हत्यार रिकामं करून नळी तपासा. गोळी आत अडकलेली असू शकते, आणि पुढची गोळी तिच्यावर आदळेल.

वजनकाटा

पंख्याच्या वाऱ्यानेही डिजिटल काट्याचा आकडा हलतो. तो सुरू करून थोडा वेळ तापू द्या, प्रमाण वजनाने तपासा, आणि काटा ग्रॅमवर आहे की ग्रेनवर (पावडर मोजण्याचं छोटं एकक) हे दर वेळी पाहा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १५.४ ग्रेन. पावडर किती टाकायची ते रीलोडिंगच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचं, तेही त्यातलं सुरुवातीचं वजन. कमाल आकड्यावरून सुरुवात कधीच नको.

पुंगळी डायमध्ये अडकली

डाय म्हणजे वापरलेली पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा. ती अडकली, म्हणजे वंगण कमी पडलं. पुंगळीच्या खांद्यावर (जिथे ती तोंडाकडे निमुळती होते) खळगे पडत असतील, तर वंगण जास्त झालं. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना कार्बाइड (अतिशय कठीण धातूची) डाय असेल, तर वंगणाची गरजच नाही.

पहिल्या ठोक्याला उडत नाही, दुसऱ्याला उडतं

प्रायमर (पुंगळीच्या तळातली, पावडर पेटवणारी टोपी) पूर्ण खाली बसलेला नाही. पहिला ठोका त्याला बसवतो आणि दुसरा पेटवतो. त्याच्या खोबणीतली काजळी साफ करा. बसवल्यावर बोट फिरवा, तो तळाच्या किंचित आत लागला पाहिजे. पण पहिल्या ठोक्याला उडालं नाही, तर ट्रिगर लगेच पुन्हा ओढायचा नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा, काडतूस उशिराही पेटू शकतं.

तळाजवळची चमकदार रेघ

रायफलच्या पुंगळीवर तळाच्या थोडं वर उजळ कडं दिसलं, तर आत भिंत पातळ झाली असू शकते. टोक वाकवलेली तार आतून फिरवा. खाचेत अडकली, तर पुंगळी भंगारात. याचं मूळ बहुधा डायच्या बसवणीत असतं. डाय गरजेपेक्षा खाली असली की दर वेळी खांदा मागे ढकलला जातो आणि प्रत्येक बाराला पितळ ताणलं जातं.

आता प्रत्येक पन्नासाच्या डब्यावर मी चिठ्ठी लावतो: तारीख, पावडर, वजन, प्रायमर, गोळी, पुंगळी कितव्यांदा भरली. खाली एक ओळ कोरी सोडतो, रेंजवरून आल्यावर भरायला.