लहान मुलाच्या जबड्याची सूज उतरत नसेल तर तपास कसा करायचा

मुलाचा गाल किंवा जबडा सुजला की बहुतेक वेळा कारण किडलेला दातच असतो, त्यामुळे आधी डेंटिस्टकडे जाणं बरोबरच आहे. पण अँटिबायोटिकचा कोर्स संपला आणि सूज तेवढीच आहे किंवा वाढतीये, तर प्लीज दुसऱ्या कोर्सवर वाट बघत बसू नका. अशी सूज क्वचित रॅब्डोमायोसारकोमाचीही असू शकते. हा मुलांमधला सगळ्यात जास्त दिसणारा सॉफ्ट टिश्यू (स्नायूंसारख्या मऊ भागांचा) कॅन्सर, तरी एकूणात दुर्मिळच, म्हणून तो पटकन कुणाच्या डोक्यातच येत नाही. आणि हो, दुखत नाही म्हणजे काही नाही असं अजिबात धरू नका.

घरी काय बघायचं? कीड नसताना शेजारशेजारचे दात हलतायत का, किंवा पडायचं वय नसलेला दात हलतोय का. मुलाला डोळे मिटायला सांगून हनुवटीच्या दोन्ही बाजूंना कापसाची वात हलकेच फिरवा, एका बाजूला कमी कळतंय म्हणाला तर ते महत्त्वाचं आहे, कारण नसेवर दाब असला की खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. तोंड आधीपेक्षा कमी उघडतंय का तेही बघा.

ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्सरेत हाड आणि दात दिसतात, मऊ गाठ नीट दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी शंका संपत नाही. गाठीसाठी कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन एमआरआय, हाड किती खाल्लंय त्यासाठी सीटी.

पण खरं निदान बायोप्सीनेच होतं, आणि इथे घाई नडते. गाठ दिसली म्हणून थेट काढून टाकू नका, आधी फक्त तुकडा घ्यायचा, आणि तोही शक्यतो जी टीम पुढे ट्रीटमेंट करणार तिनेच. सूज असलेल्या जागचा दात काढावा लागलाच तर खड्ड्यातून निघालेलं मांस टाकून न देता पॅथॉलॉजीला पाठवा. मायक्रोस्कोपखाली लिम्फोमा, इविंग सारकोमा हे दुसरे कॅन्सर आणि रॅब्डोमायोसारकोमा, सगळे छोट्या गोल निळ्या पेशींचेच दिसू शकतात, म्हणून डेस्मिन, मायोजेनिन हे स्नायूसारख्या पेशी ओळखणारे मार्कर लावतात आणि फॉक्सओ१ जीनची टेस्टही करतात, कारण त्यावर आजार किती आक्रमक आहे ते ठरतं.

निदान पक्कं झालं की छातीचा सीटी, गळ्याच्या गाठी, बऱ्याचदा पेट (PET) स्कॅन आणि बोन मॅरो, आणि गाठ कवटीच्या तळाजवळ असेल तर पाठीच्या कण्यातलं पाणीही तपासतात. बायोप्सीच्या स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) लॅबकडून मागून घ्या, सेकंड ओपिनियनला नुसता रिपोर्ट पुरत नाही.