याकोबाचे पत्र घरच्या प्रार्थनासभेत कसे वाचावे आणि कसे आचरावे

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये घरोघरी प्रार्थनासभा भरवण्याची रीत जुनी आहे. गीत होते, शास्त्रपाठ होतो, कोणीतरी दोन शब्द बोलतो, प्रार्थना आणि चहा होऊन लोक आपापल्या घरी जातात. या रीतीत एकच उणीव राहते. वाचलेल्या वचनाने आठवडाभरात कोणाच्या हातून काय घडले, हे पुढच्या बैठकीत कोणी कोणाला विचारत नाही. ही उणीव भरून काढायची असेल, तर नव्या करारातील याकोबाचे पत्र हाती घ्यावे, कारण वचन केवळ ऐकून थांबू नका, त्याप्रमाणे करा, असे ते पहिल्याच अध्यायात (1:22) बजावते आणि पुढे पंगत, मजुरी, आजारपण, जीभ अशा रोजच्या गोष्टींवरून आपली झडती घेते.

पत्र लहान आहे: 5 अध्याय आणि 108 वचने. आठ ते बारा जणांचा गट, आठवड्यातून एक ठरलेला वार आणि अकरा बैठका एवढी तयारी पुरते. पहिल्या बैठकीत चर्चा न करता सगळे पत्र एका दमात मोठ्याने वाचावे. सावकाश वाचले तरी साधारण वीस मिनिटे लागतात. हे पत्र पांगलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेले होते आणि त्या काळी बहुतेकांनी ते कानांनीच ऐकले असेल, म्हणून आपणही ते आधी ऐकावे. त्यानंतरच्या दहा बैठकांसाठी पुढीलप्रमाणे भाग पाडता येतात: 1:1-18, 1:19-27, 2:1-13, 2:14-26, 3:1-12, 3:13 ते 4:10, 4:11-17, 5:1-6, 5:7-12 आणि 5:13-20.

वाचनासाठी सर्वांच्या हाती एकच भाषांतर असावे. वाक्य अडले तर ताडून पाहण्यासाठी दुसरे एखादे भाषांतर जवळ ठेवावे. मात्र प्रत्येक जण वेगळी प्रत उघडून बसला, तर अर्धी बैठक शब्दांची जुळवाजुळव करण्यातच जाते. गटात ज्यांना वाचता येत नाही अशा आजी किंवा मावशी असतील, तर भाग दोनदा वाचावा आणि दुसऱ्या वाचनानंतर त्यांनाच आधी विचारावे की, काय ऐकलेत ते तुमच्या शब्दांत सांगा. कानांनी वचन साठवणारी माणसे पुष्कळदा छापील पानावर बोट ठेवून बसलेल्यांपेक्षा अचूक सांगतात. गीत निवडतानाही हाच विचार असावा. नारायण वामन टिळकांची पदे आणि अभंग अनेकांना तोंडपाठ असतात. पुस्तक न उघडता म्हणता येईल असे एखादे गीत घेतले, तर कोणी मागे राहत नाही.

प्रत्येक भागावर तीनच प्रश्न पुरेत. याकोब येथे नेमके काय सांगतो? हे ऐकताना आपल्यापैकी कोणाला जड जाते, आणि का? पुढच्या बैठकीपर्यंत मी कोणासाठी काय करणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठोस असावे. "मी अधिक प्रेमाने वागेन" हे उत्तर स्वीकारू नये. "रविवारच्या उपासनेनंतर मी थोरल्या भावाकडे जाईन आणि दोन वर्षे बंद असलेले बोलणे सुरू करेन" हे स्वीकारावे. पुढची बैठक याच गोष्टीने सुरू करावी. ज्याला जमले नाही त्याला टोमणा मारू नये आणि ज्याला जमले त्याचे कौतुकही लांबवू नये; काय घडले ते ऐकावे, त्यासाठी प्रार्थना करावी आणि पुढच्या भागाकडे वळावे.

दुसऱ्या अध्यायाकडे जाण्यापूर्वी जुन्या करारातील लेवीय 19 हा अध्याय एकदा वाचून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको (19:13), न्याय करताना गरिबाची किंवा थोराची भीड धरू नको (19:15), चहाड्या करत फिरू नको (19:16) आणि आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर (19:18), या चारही गोष्टींचा प्रतिध्वनी याकोबाच्या पत्रात ऐकू येतो. दोन्ही पाने शेजारी ठेवली म्हणजे कळते की, शेजारप्रीती ही येथे भावना म्हणून सांगितलेली नाही. मजुरी वेळेवर देणे आणि पंक्तिभेद न करणे हेच तिचे रूप आहे.

दुसऱ्या अध्यायाचा पहिला भाग सर्वांत जास्त वेळ मागतो. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आणि मळक्या वस्त्रांतला गरीब एकाच सभेत येतात. एकाला चांगली जागा मिळते, दुसऱ्याला उभे राहा किंवा पायांशी बस असे सांगितले जाते. हे वाचून "आमच्याकडे असे नाही" असे म्हणण्याची घाई करू नये. आपल्या मंडळ्यांत निरनिराळ्या जातींमधून विश्वासात आलेली घराणी आहेत, आणि सोयरीक जुळवताना, मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, निवडताना किंवा लग्नाच्या पंगतीत जुने भेद कसे डोके वर काढतात, हे सर्वांना ठाऊक असते, फक्त ते उघड बोलले जात नाही. या बैठकीत ते बोलावे. कोणा कुटुंबाचे नाव घेऊन दोष देऊ नये, तर आपल्या गटाकडे पाहावे: बैठका कोणाच्या घरी होतात? ज्यांच्याकडे मोठी खोली आणि खुर्च्या आहेत, त्यांच्याकडेच का? शास्त्रपाठ वाचायला नेहमी कोणाला सांगितले जाते? कोणाच्या घरचा चहा आजवर आपण प्यायलेलो नाही? यावरचा उपायही त्याच बैठकीत ठरवावा, आणि तो म्हणजे पुढच्या बैठका पाळीपाळीने प्रत्येकाच्या घरी घेणे, घर एका खोलीचे असले तरी. तेथे सर्वांनी जमिनीवर बसावे, वयस्कर आणि आजारी माणसांचा अपवाद करून.

विश्वास आणि कृत्ये यांविषयीचा पुढचा भाग आला की, माणूस कृत्यांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो हे प्रेषित पौलाचे म्हणणे आणि कृत्यांवाचून विश्वास निर्जीव आहे हे याकोबाचे म्हणणे जुळत नाही, अशी शंका कोणीतरी काढतेच. ती टाळू नये. मार्टिन लूथरसारख्या जर्मन धर्मसुधारकालाही हे पत्र पेलले नव्हते. 1522 मध्ये त्याने त्याला इतर पत्रांच्या तुलनेत गवताचे पत्र म्हटले. उत्पत्ती 15 आणि उत्पत्ती 22 हे दोन अध्याय काढून वाचावेत. अब्राहामाने विश्वास ठेवला हे पहिल्या ठिकाणी आहे, आणि तो विश्वास मुलगा इसहाक याला अर्पण करायला निघण्याच्या प्रसंगात कृतीने पूर्ण झाला हे याकोब दुसऱ्या ठिकाणावरून दाखवतो. यावर वाद रंगवण्यापेक्षा 2:15-16 कडे लक्ष द्यावे. उघड्या आणि उपाशी भावाबहिणीला नुसते "सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा" असे म्हणून काय उपयोग, असे तेथे विचारले आहे. गटाने येथपासून एक लहानशी मदतपेटी सुरू करावी. हिशेब दोघांनी मिळून ठेवावा, कोणी किती टाकले हे जाहीर करू नये, आणि किराणा, औषध किंवा शाळेची फी ज्याला दिली त्याचे नाव प्रार्थनेतसुद्धा उच्चारू नये.

जिभेविषयीचा तिसरा अध्याय सोपा वाटतो, म्हणून एकच सूचना करतो. प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरातील गोष्टी सांगितल्या जातात. म्हणून जो माणूस बैठकीत नाही, त्याच्यासाठी त्याची परवानगी असेल तरच विनंती मांडावी.

पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीला, शेत कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असे वाक्य येते. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मंडळ्यांत आहेत, आणि घरकामाला, बांधकामाला किंवा शेतावर माणसे लावणारी कुटुंबेही त्याच मंडळ्यांत आहेत. हा भाग दोघांनी एकत्र बसून वाचला तरच तो पुरता कळतो. ज्यांच्याकडे कामाला माणसे आहेत, त्यांनी त्या आठवड्यात आपला हिशेब तपासावा: पगाराची तारीख ठरलेली आहे का, सुट्टीच्या दिवसाचे पैसे कापले जातात का, उचल दिली असेल तर ती कशी फिटते हे कामगाराला लिहून दिले आहे का. थकलेले देणे असेल तर ते पुढच्या बैठकीआधी चुकते करावे. मंडळीने स्वतः नेमलेल्या माणसांकडेही, म्हणजे चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईंकडे आणि राखणदाराकडे, याच नजरेने पाहावे. अर्पणाच्या रकमेतून इमारतीला रंग लागतो आणि त्यांचा पगार रखडतो, असे होता कामा नये.

शेवटच्या भागात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. पाळकसाहेबांना आधी कळवून हे अवश्य करावे. पण प्रार्थना झाली म्हणून औषध बंद करायला कोणीही सांगू नये. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्याने जीव जाऊ शकतो, आणि औषध सोडा असे याकोब कोठेही म्हणत नाही. एकमेकांजवळ पाप कबूल करण्याची आज्ञाही येथेच आहे (5:16). ती भर बैठकीत पाळण्याचा आग्रह धरू नये. पुरुषांनी पुरुषाशी आणि स्त्रियांनी स्त्रीशी अशा जोड्या कराव्यात आणि ऐकलेले बाहेर जाऊ द्यायचे नाही असे ठरवावे. मात्र कोणाला मारहाण होत असेल किंवा मुलाला इजा होत असेल, तर ते गुप्त ठेवायचे नाही. तेथे पाळक आणि गरज पडल्यास पोलीस यांच्याकडे जावे.

पत्र आशीर्वादाने किंवा सलामाने संपत नाही. सत्यापासून बहकलेल्या माणसाला परत आणण्याविषयीच्या दोन वचनांवर (5:19-20) ते थांबते. म्हणून अकराव्या बैठकीच्या शेवटी नवी चर्चा न करता, सभेला येणे सोडून दिलेल्या ओळखीच्या माणसांची आठवण करावी आणि दोघादोघांनी त्यांच्या घरी जावे. पहिल्या भेटीत सभेचा विषय काढू नये, का येत नाही असे विचारू नये. त्या माणसाने तक्रार सांगितली तर ती मध्येच न तोडता ऐकावी, ती खरी असेल तर मंडळीच्या वतीने क्षमा मागावी, आणि निघताना पुन्हा कधी येऊ हे विचारून घ्यावे.