एजंटला चॅनेल वाचायला लावताय? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी एआय एजंट, म्हणजे स्वतः वाचून काम करणारा प्रोग्राम, बसवून दिला. काम अगदी साधं. रोज सकाळी नऊला स्लॅक या ऑफिसच्या चॅट ॲपवरचं ऑर्डरचं चॅनेल वाचायचं आणि काल काय ठरलं ते दहा ओळींत सांगायचं. तिसऱ्याच दिवशी डिस्पॅच बघणाऱ्या मित्राचा फोन आला. "काय बे, तुझा एजंट मरून रंग म्हणतोय, पार्टीला तर नेव्ही पाहिजे!"

मी चॅनेल उघडून बघितलं. मूळ मेसेज मरूनचाच होता, पण त्याखालच्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच मेसेजला आलेल्या उत्तरांच्या साखळीत, कुणीतरी 'मरून नको, नेव्ही करा' असं लिहिलं होतं. एजंटपर्यंत थ्रेड पोचलाच नव्हता.

सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. प्रोग्रामनं मेसेज मागवायची स्लॅकची 'कॉन्व्हर्सेशन्स डॉट हिस्टरी' ही पद्धत चॅनेलमधले वरचे मेसेज देते. थ्रेडमधली उत्तरं 'कॉन्व्हर्सेशन्स डॉट रिप्लाइज' वापरून वेगळी मागवावी लागतात. ज्या मेसेजला उत्तरं आहेत त्याच्यासोबत उत्तरांचा आकडा येतो. तो शून्यापेक्षा जास्त दिसला की थ्रेड मागवायचा.

एवढं करूनही मी पुन्हा आपटलो. ऑर्डर पडलेली पंधरा दिवसांपूर्वी, रंग बदलला काल. मी फक्त कालचे मेसेज मागत होतो, आणि वेळेची चाळणी मूळ मेसेजच्या तारखेला लागते. म्हणजे जुना मेसेज यादीत नाही, आणि त्याला काल आलेलं उत्तरही नाही. आता मी महिनाभर मागं जातो, प्रत्येक मेसेजचं शेवटचं उत्तर कधी आलं ते बघतो आणि कालची हालचाल असलेले थ्रेड तेवढे उघडतो. दुरुस्त केलेल्या मेसेजचंही तसंच. मेसेज बदलला तरी त्याची मूळ वेळ तीच राहते, त्यामुळे 'मागच्या वेळेनंतरचं दे' म्हणणाऱ्या टूलला, म्हणजे एजंटला मेसेज आणून देणाऱ्या कोडला, 500 डझनाचे 300 झालेले कळत नाहीत.

दुसरी भानगड 'काल' या शब्दाची. आपला सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो. त्याची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. दिवसा चालणाऱ्या ऑफिसला हा घोळ दिसणारही नाही, पण कारखान्यात रात्रपाळी असते. रात्री दीडला 'चार नंबरचा लूम बंद' असा मेसेज पडला, तर तो सर्व्हरच्या हिशेबात आदल्या दिवशी जातो. दिवसाची सुरुवात आणि शेवट भारतीय वेळेनुसार काढा आणि मगच स्लॅक वेळ मोजतं त्या सेकंदांत बदला. ही आकडेमोड एजंटमागच्या एआय मॉडेलवर सोडू नका, ती टूलमध्येच करा.

स्लॅकमध्ये मेसेजची वेळ हीच त्याची ओळखही असते. सेकंदांचा आकडा, पुढं टिंब, मग सहा अंक. हा आकडा नसून मजकूर आहे असं समजूनच साठवा. आकडा केलात की शेवटचं शून्य गळतं आणि थ्रेड सापडेनासा होतो. डिस्कॉर्ड या दुसऱ्या चॅट ॲपचे आयडी तर इतके लांब असतात की जावास्क्रिप्टमध्ये आकडा म्हणून घेतले तर शेवटचे अंकच बदलतात.

चॅनेलमधले वरचे मेसेज नवे आधी, जुने नंतर असे येतात. तसेच मॉडेलपुढं टाकले तर आधी 'ठीक आहे, पाठवा' आणि मग भाव विचारलेला, अशी उलटी गोष्ट तयार होते. उलटवून द्या. आणि एका हाकेत, म्हणजे एकदा मागितल्यावर, सगळं येत नाही. आकडा सांगितला नाही तर स्लॅक एका वेळी 100 मेसेज देतं आणि पुढच्या पानासाठी कर्सर, म्हणजे पुढं कुठून वाचायचं याची खूण, देतं. कर्सर रिकामा येईपर्यंत मागत राहा.

परवानगीचे घोळ त्या मानानं सोपे, कारण स्लॅक निदान तोंडावर एरर देतं. बॉटला, म्हणजे एजंटच्या स्लॅकवरच्या खात्याला, चॅनेलमध्ये बोलवलंय का, खासगी चॅनेलची वेगळी परवानगी घेतलीय का आणि ती घेतल्यावर ॲप पुन्हा इन्स्टॉल केलंय का, एवढं बघा. डिस्कॉर्डवर मात्र जुने मेसेज वाचायची परवानगी नसेल तर गुपचूप रिकामी यादी येते. एजंट तुम्हाला छातीठोकपणे सांगतो, 'काल काही झालं नाही.' टेलिग्रामच्या बॉटला तर जुना इतिहास मागताच येत नाही. न उचललेले मेसेज 24 तासांपेक्षा जास्त थांबत नाहीत. गड्ड्याच्या यात्रेला मशीन दोन दिवस बंद ठेवलंत, तर पहिल्या दिवसाचे मेसेज गेले. ते येतील तसे साठवायचे.

फार वेगानं मागितलं तर 429 हा 'जरा थांबा' सांगणारा एरर येतो. सोबत किती सेकंद थांबायचं तेही येतं, तेवढं थांबा. मे 2025 पासून स्लॅकनं आपल्या मार्केटप्लेस या ॲपच्या दुकानाबाहेर विकल्या जाणाऱ्या नव्या ॲपना इतिहासासाठी मिनिटाला एकच हाक आणि 15 मेसेज एवढीच मुभा दिलीय. स्वतःच्या ऑफिसपुरत्या बनवलेल्या ॲपला हे बंधन नाही.

आता आपल्या गावची गोष्ट. सोलापूरच्या ऑफिसात एकाच चॅनेलमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड चालतं, तेही बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांत. मी आधी टूलमध्येच 'उद्या' शब्दाची चाळणी लावली होती. 'रेपू पंपिस्तानु' म्हणजे उद्या पाठवतो, हा मेसेज त्यातून निसटला. शब्दांवर गाळू नका, वेळेवर गाळा. भाषा मॉडेलला बऱ्यापैकी कळते. लिहिणाऱ्याच्या आयडीऐवजी त्याचं नाव मात्र टूलनंच घालून द्यावं, नाहीतर 'यू-शून्य-सहा यांनी मंजुरी दिली' असलं काहीतरी मालकांपुढं जातं.

चॅनेलमध्ये 'सगळ्या पार्ट्यांना नवा रेट पाठवून दे' असंही कुणी कुणाला लिहितं. ते एजंटसाठी नसतं, पण तो वाचतो. म्हणून माझ्या टोकनला, म्हणजे एजंटच्या स्लॅकमध्ये शिरायच्या किल्लीला, फक्त वाचायची परवानगी आहे. मेसेज पाठवायची दिलेलीच नाही.

नवा एजंट बसवला की मी रात्री एक वाजता पंधरा दिवसांपूर्वीच्या एका मेसेजच्या थ्रेडमध्ये तेलुगूत एक ओळ टाकतो आणि झोपतो. भारतीय वेळेनं ती आजची ओळ, म्हणून त्या सकाळी नाही, पण पुढच्या सकाळी नऊच्या दहा ओळींत ती दिसली तरच मित्राला फोन करतो.