नव्या एसयूव्हीचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं? टाकी ते टाकी, बेळगावच्या रस्त्यांवर

नवी एसयूव्ही दारात आली की भेटेल तो विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" बहुतेक मालक डॅशबोर्डच्या स्क्रीनवर दिसलेला आकडा सांगून मोकळे होतात. तो आकडा धरून महिन्याचा खर्च काढू नका. इंजेक्टरने किती इंधन सोडलं याच्या हिशेबावरून गाडीचा संगणक तो काढतो आणि बहुतेक गाड्यांत तो खऱ्यापेक्षा थोडा चढाच असतो. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा तर रोलरवरचा. एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर उभी करून, एसी बंद ठेवून, ठरवून दिलेल्या वेगांनी चालवतात. त्या चाचणीत कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि सरासरी वेग तिशीच्या आसपास असतो. दोन मॉडेलांची तुलना करायला हा आकडा चांगला आहे, पण त्यात वंटमुरीचा चढ नाही आणि संकेश्वरजवळ दोन-दोन ट्रॉल्या ओढत पुढे चाललेला उसाचा ट्रॅक्टरही नाही.

आपल्या गाडीचं ॲव्हरेज आपणच काढावं लागतं आणि त्याची एकच पद्धत मला मान्य आहे: टाकी फुल करा, गाडी चालवा, पुन्हा फुल करा. "पाचशेचं टाका आणि दिवा लागेपर्यंत पळवा" हा सल्ला देणाऱ्याचं ऐकूच नका. टाकीतला तरंगता काटा चढ-उतारावर पुढेमागे होतो, घाटात दिवा लागतो आणि सपाटीला आला की विझतो. शिवाय पेट्रोल गाडीचा पंप टाकीतल्या पेट्रोलवरच थंड राहतो, त्यामुळे टाकी वारंवार तळाला नेणं त्याला चांगलं नाही.

पहिली सर्व्हिसिंग होऊ द्या, इंजिन मोकळं होऊ द्या. टायरमधली हवा सकाळी, गाडी न पळवता, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. वापरात नसलेला कॅरियर टपावरून काढा. एवढी तयारी पुरे.

आता पंप. सगळी पद्धत इथेच जमते किंवा फसते. सुरुवातीला माझा आकडा एका टाकीला १४ तर पुढच्या टाकीला १७ यायचा. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणारा तोच. एअर फिल्टरपासून इंजेक्टरपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. गाडीत काहीच नव्हतं, फरक पडत होता तो टाकी "फुल" होण्यात.

पंपाच्या नोझलच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असतं. इंधन चढत येऊन ते छिद्र झाकलं गेलं की आतली हवेची ओढ बदलते आणि खटका पडून धार थांबते. म्हणजे खटक्याने एवढंच कळतं की त्या क्षणी काहीतरी नोझलच्या टोकाला टेकलं. ते काहीतरी फेसही असू शकतो. डिझेल तर हमखास फेसाळतं. पंपावरच्या पोराने मूठ पूर्ण दाबून जोरात सोडलं की फेस उसळतो आणि टाकीत अजून दोन-तीन लिटरची जागा असतानाच खटका पडतो. नोझल अर्धवट आत असेल तर वेगळ्या पातळीला पडतो. पंपाची फरशी पाणी वाहून जावं म्हणून थोडी उताराची केलेली असते, त्यामुळे गाडी उलट्या तोंडाने लावली तरी पातळी बदलते.

म्हणून दोन्ही वेळा तोच पंप, तीच मशीन, गाडीचं तोंड त्याच दिशेला. नोझल पूर्ण आत, धार मध्यम, आणि पहिला खटका पडला की बंद. त्यानंतर एक थेंबही नको. गाडीतून उतरून नोझलजवळ उभे राहा, आत बसून आरशात बघू नका. कारण खटका पडताच पोरगा विचारणारच, "राउंड करू का?" ३,१४० चे ३,२०० झाले की तुमचा हिशेब गेला. मराठी पोरगा असेल तर आधीच सांगा, "पहिल्या कटला थांब, राउंड करू नकोस." कन्नड बोलणारा असेल तर "कट आद मेले साकु, राउंड बेड" एवढं पुरतं. काही जण गाडी हलवून हलवून टाकी गळ्यापर्यंत भरायला सांगतात, त्यांच्या नादी लागू नका. पेट्रोल गाडीत इंधनाची वाफ धरणारा कोळशाचा डबा असतो. गळ्यापर्यंत भरलं की पेट्रोल त्यात शिरतं आणि तो निकामी होऊ शकतो, आणि पातळी तरीही दोनदा सारखी येत नाही.

एवढं करूनही लिटरभराची चूक राहू शकते, म्हणून अंतर मोठं घ्या. समजा गाडी ५१२.६ किलोमीटर पळाली आणि दुसऱ्यांदा ३३.४ लिटर बसलं. भागाकार १५.३. भरण्यात दीड लिटरची चूक झाली तर उत्तर १४.७ ते १६.१ च्या मध्ये येईल, तेवढं चालून जातं. तीच दीड लिटरची चूक १०० किलोमीटरवर केलीत तर १५.३ ची गाडी कधी साडेबारा देताना दिसेल, कधी वीस. बेळगाव ते खानापूर जाऊन-येऊन ॲव्हरेज सांगणाऱ्यांचे आकडे असेच आलेले असतात. टाकी निम्म्याखाली आल्याशिवाय मोजणी संपवू नका.

पहिली टाकी भरल्यावर ट्रिप मीटर शून्य करा आणि पावती काचेखालच्या खणात ठेवा. ती उन्हाने फिकी पडते, म्हणून फोटोही काढा.

सीमेवर राहणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कर वेगळे, त्यामुळे दरही वेगळे. कोगनोळीच्या अलीकडे भरायचं की पलीकडे, गोव्याला गेलं तर येताना तिथेच भरून घ्यायचं का, हा विचार प्रत्येक जण करतो आणि तो योग्यच आहे. मोजणी चालू असताना मध्ये बाहेर इंधन भरायला हरकत नाही. फक्त ट्रिप शून्य करू नका, लिटरची पावती जपा आणि शेवटच्या लिटरमध्ये मिळवा. पहिली आणि शेवटची टाकी मात्र घरच्या पंपावरच फुल व्हायला हवी. रुपयांवरून लिटर काढत बसू नका, दर रोज बदलू शकतात. पावतीवर लिटर छापलेलं असतं, तेच घ्या.

रस्ता निवडताना आपल्या भागात घाटाचं भान ठेवावं लागतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्यात उतरलात की स्क्रीनवर असा आकडा दिसतो की लगेच फोटो काढून नातेवाइकांना पाठवावासा वाटतो. परत येताना तीच दीड-पावणेदोन टनांची गाडी पुन्हा वर चढवायची असते आणि त्या चढापुरतंच साधारण लिटरभर इंधन जास्तीचं लागतं. म्हणून घाटाची मोजणी जाऊन-येऊन एकाच हिशेबात करा. आंबोलीचंही तेच, अनमोडचंही तेच. आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून इंधन वाचतं हे डोक्यातून काढून टाका. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आजची इंजिनं इंधन जवळजवळ बंदच करतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. वर इंजिनचा ब्रेक जातो, आणि चोर्ल्याच्या वळणांवर तो जाणं जिवावर बेतू शकतं.

शहर आणि हायवे वेगळे मोजता आले तर उत्तम. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर इंजिन चालू ठेवून थांबण्यात जाणारं इंधन निपाणीच्या फेरीत कुठे दिसणार? हायवेवर वेग एकच ठेवा. एसयूव्ही उंच आणि रुंद, तिला हवा अडवते. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो.

तीन-चार टाक्या झाल्या की सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, आणि मग भागाकार. प्रत्येक टाकीच्या उत्तरांची सरासरी काढू नका. एखाद्या वेळी टाकी कमी भरली गेली असेल तर पुढच्या वेळी तेवढं जास्त बसतं, बेरजेत ते आपोआप जुळतं.

पेट्रोलवाल्यांनी जुन्या गाडीच्या आकड्याशी तुलना करताना ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, लक्षात घ्यावं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ई२० च्या लिटरमध्ये ती सहा-सात टक्के कमी भरते. ई२० साठीच जुळवलेल्या नव्या इंजिनात घट त्याहून कमी असते. डिझेलवाल्यांनी, गाडी फक्त गावात फिरत असेल तर, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होताना जाणारं जास्तीचं डिझेल धरावं. काजळी जाळण्यासाठी गाडी ते स्वतःच वापरते आणि छोट्या फेऱ्यांत ही वेळ लवकर लवकर येते.

एवढं सगळं नीट करूनही आकडा फारच कमी येत असेल तर सर्व्हिस सेंटरला "ॲव्हरेज देत नाही" असं मोघम सांगू नका. पावत्या आणि किलोमीटरची वही समोर ठेवा. जाण्याआधी घरीच एक तपासणी करा. वीसेक किलोमीटर गाडी चालवून, शेवटी फारसा ब्रेक न लावता थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. टेकवू नका, भाजेल. एकाच चाकाची धग जास्त लागत असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. त्याच चाकाचं नाव घेऊन तक्रार लिहून द्या.