आकारांची चित्रपुस्तकं वाचून दाखवताय? या चुका टाळा

बालवाडीत शिकवायला लागून 18 वर्षं झाली. दर जूनला नवी मुलं येतात आणि त्यांच्यासोबत तोच त्रिकोण येतो: तिन्ही बाजू सारख्या, बूड जमिनीला टेकलेलं, टोक बरोबर मध्यावर. बाजारातल्या बऱ्याच पुस्तकांत तेवढा एकच त्रिकोण असतो.

मागे साडेचार वर्षांची एक मुलगी आली. पुस्तक उघडलं की सगळे आकार घडाघडा सांगायची. मी जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेला एक लांबट, निमुळता त्रिकोण तिच्या हातात दिला. म्हणाली, "हा त्रिकोण नाही, काटा आहे." मग पुस्तकातल्यासारखाच त्रिकोण, पण टोक खाली करून समोर ठेवला. तिनं तो आधी फिरवून सुलटा केला, आणि मग म्हणाली, "आता झाला त्रिकोण." शेजारी बसलेली आई हिरमुसली. "पण बाई, हिला षट्कोनसुद्धा येतो हो!"

पोरीची काहीच चूक नव्हती. तिला दुसरा त्रिकोण कुणी दाखवलाच नव्हता. तिचं चित्र पाठ झालं होतं, आकार नाही. पिएर आणि दिना व्हान हीले या डच शिक्षक दांपत्यानं 1957 मध्येच हे मांडलं होतं: मूल आधी आकार अख्ख्या रूपावरून ओळखतं, बाजू आणि कोपरे त्याला नंतर दिसू लागतात. आणि ती पुढची पायरी नुसत्या वयानं येत नाही, तसे अनुभव द्यावे लागतात. म्हणून तीन वर्षांच्या मुलाकडून षट्कोन, अष्टकोन वदवून घेण्याची घाई मला अजिबात पटत नाही. त्यापेक्षा दहा तऱ्हांचे त्रिकोण हाताळू द्या.

मी पुस्तक जमिनीवर आडवं ठेवते आणि दोन मुलांना समोरासमोर बसवते. एकाला चित्र सुलटं दिसतं, एकाला उलटं. मग विचारते, "कोपरे किती? बाजू सरळ आहे का? बोट फिरवून बघ." माँटेसरीच्या साहित्यात मुलं लाकडी आकारांच्या कडांवरून बोटं फिरवतात, घरी पत्रिकेचा जाड कागद पुरतो.

दुसरी चूक आपल्या भाषेतली आहे आणि ती मला फार खुपते. एका पानावर चौरस काढून खाली 'चौकोन' छापतात, शेजारच्या पानावर 'आयत'. म्हणजे आयत चौकोन नाही? चार कोपरे असतील तो चौकोन, इतका सरळ शब्द आपल्याकडे आहे, तो भाषांतराच्या नादात वाया घालवतात. मी पहिलं वर्षभर 'चौरस चौकोन', 'आयत चौकोन' असंच म्हणते. तोच चौरस तिरका काढला की पुस्तकात त्याचा 'डायमंड' होतो. तेव्हा मी चौरस कागद पाटीवर ठेवून हळूहळू फिरवते आणि दर वळणाला विचारते, "आता कोण?" काही मुलं अर्ध्या वळणावर नाव बदलतात. तिथे थांबायचं, चारही बाजू दोऱ्यानं मोजायच्या, कोपऱ्यात वहीचा कोपरा बसतो का बघायचं, आणि पुन्हा फिरवायचं. शंकरपाळ्या कापताना मुलाला जवळ बसवलंत तर हे सगळं परातीतच होतं.

बाकीचं थोडक्यात. चेंडू दाखवून 'वर्तुळ' म्हणू नका, बांगडी दाखवा. पिझ्झाच्या तुकड्याची एक कड वाकडी असते, तो त्रिकोण नव्हे. अर्धवर्तुळासाठी करंजी चालेल. आकारांना डोळे-तोंड काढलेली पुस्तकं मी वर्गात ठेवत नाही; तोंड आलं की मूल तो आकार उलटा ठेवायला तयार होत नाही.

आणि रंग. पुस्तकभर वर्तुळ लाल नि चौरस निळाच असेल, तर मूल रंग बघून नाव सांगतं. अशा पुस्तकाची मी काळी-पांढरी झेरॉक्स काढते आणि आधी तीच समोर ठेवते.