दाताचा नंबर वाचताना या चुका टाळा

दातांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘46 आरसीटी’ (म्हणजे रूट कॅनाल) दिसलं की पहिला प्रश्न येतो: दात बत्तीस, मग सेहेचाळीसावा कुठला? तो आकडा सेहेचाळीस नाहीच, चार-सहा आहे. पहिला अंक जबड्याची बाजू सांगतो: वर उजवीकडे 1, वर डावीकडे 2, खाली डावीकडे 3, खाली उजवीकडे 4. दुसरा अंक मधल्या रेषेपासून मागे मोजायचा: 1-2 पटाशीचे दात, 3 सुळा, 4-5 उपदाढा, 6-7 दाढा, 8 अक्कलदाढ. म्हणजे 46 ही खालची उजवी पहिली दाढ.

अंक जोडून बोलू नका. इंदूरात घरी मराठी असली तरी दवाखान्यात बोलणं बहुधा हिंदीत होतं, आणि फोनवर ‘सैंतीस’ आणि ‘सैंतालीस’ यांत गफलत व्हायला वेळ लागत नाही. 37 आणि 47 दोन्ही खालच्या दुसऱ्या दाढा, फक्त बाजू उलट! ‘तीन-सात’ म्हणा आणि पुढे ‘खालची डावी’ हेही जोडा.

उजवं-डावं नेहमी पेशंटचं. जबड्याच्या पूर्ण एक्स-रेत, म्हणजे ओपीजीत, तुमची उजवी बाजू फिल्मच्या डाव्या हाताला दिसते. फिल्मवर ‘आर’ किंवा ‘एल’ची खूण असते, ती आधी शोधा.

सगळ्यात जास्त घोळ मागून मोजल्याने होतो. शेवटची दाढ 8 धरली जाते, पण अक्कलदाढ आलेलीच नसेल तर ती 7 असते. पुढून मोजतानाही सावध राहा. तारा लावण्यासाठी पहिली उपदाढ काढली असेल तर सुळ्यामागचा दात 5च राहतो. गेलेल्या दाताचा नंबर शेजाऱ्याला मिळत नाही. खालच्या जबड्यात शंका आली तर दाढेचे उंचवटे पाहा: 6 ला बहुधा पाच, 7 ला चार.

मुलांच्या बाबतीत तर फारच जपा. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे 6 नंबरची दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून ती दुधाची समजून कीड तशीच सोडली जाते. ती कायमची आहे. दुधाच्या दातांचे नंबर 51 ते 85 मध्ये असतात आणि दुसरा अंक 5 च्या पुढे जात नाही.

अमेरिकेतून आलेल्या रिपोर्टात दात 1 ते 32 असे सलग मोजतात. तिथला 18 म्हणजे आपला 37. आपला 18 मात्र वरची उजवी अक्कलदाढ. असा कागद इथे दाखवताना पद्धत आधीच सांगा.

दात काढायचा असेल तर इंजेक्शनच्या आधी आरशात त्या दातावर बोट ठेवून डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, आणि चिठ्ठीवर नंबरापुढे दाताचं नावही लिहायला सांगा.