एंडगेम टेबलबेस कॉम्प्रेस करताय? या चुका टाळा

बुद्धिबळाचं इंजिन लिहायला घेतलेला प्रत्येक नवखा मला एकच विचारतो: "सगळ्यात जास्त कोण दाबतं, झिप की सेव्हन-झिप?" प्रश्नच चुकलाय. टेबलबेस, म्हणजे मोजके मोहरे उरलेल्या प्रत्येक पोझिशनचं आधीच काढून ठेवलेलं उत्तर, ही काही माळ्यावर टाकायची ट्रंक नव्हे. इंजिन तिच्यातली एकेक पोझिशन मागतं, सेकंदाला हजारो वेळा, आणि कुठूनही.

हा उद्योग मीही करून बसलोय. पाच मोहऱ्यांच्या फायली तयार केल्या, प्रत्येक अख्खी एलझेडएमएने (सेव्हन-झिपची दाबायची पद्धत) आवळली, आकार बघून खूश झालो. चाचणीच्या पहिल्याच डावात हत्ती-प्याद्याविरुद्ध हत्ती, बरोबरीचा शेवट. आमचं इंजिन दर पोझिशनला फाइल पहिल्या बाइटपासून उलगडत बसलं आणि वेळ संपून हरलं. उत्तर खिशात असताना! तेव्हापासून मी आधी तुकडे पाडतो, मग दाबतो. प्रत्येक तुकडा एकटा उलगडता आला पाहिजे, आणि कुठला तुकडा कुठे सुरू होतो याची यादी सोबत हवी. फाइल थोडी फुगते. फुगू दे.

दुसरी चूक, नेमकं काय साठवायचं हे न ठरवताच अल्गोरिदमवरून भांडणं. नालिमोव्ह या जुन्या टेबलबेसची टेबलं मात किती चालींत होते ते साठवतात. सहा मोहऱ्यांपर्यंत सुमारे 1.2 टीबी. रोनाल्ड द मान यांच्या 2013च्या सिझिजी टेबलबेसमध्ये जय-पराजय-बरोबरी एका फायलीत, आणि पुढच्या माऱ्यापर्यंत किंवा प्याद्याच्या चालीपर्यंतचं अंतर दुसऱ्या फायलीत. त्याच सहा मोहऱ्या सुमारे 150 जीबीत बसल्या. मातेपर्यंतचं अंतर सोडून दिलं, तिथेच निम्मी लढाई जिंकली.

अशक्य पोझिशनसाठी 255सारखा वेगळा आकडा भरू नका. सलग येणाऱ्या सारख्या आकड्यांची ओळ तुटते आणि कॉम्प्रेशन बोंबलतं. शेजारचा आकडा भरा, त्या जागी कोणी विचारणारच नाही. सिझिजी याच्याही पुढे जाते: एखादा मोहरा मारूनच निकाल लागत असेल, तर त्या जागी दाबायला सोयीचा आकडा टाकते. पण मग वाचणाऱ्या कोडने आधी मारायच्या चाली तपासल्याच पाहिजेत. हे विसरून "टेबल चुकीचं आहे" म्हणत येणाऱ्यांना मी आता उत्तरच देत नाही.

कॉम्प्रेस व्हायला रात्र लागते म्हणून कुरकुर? सिझिजीची रि-पेअर पद्धत सारखी येणारी जोडी शोधून तिला नवं चिन्ह देते, मग पुन्हा जोडी, शेवटी हफमन, म्हणजे जास्त येणाऱ्या चिन्हाला छोटा कोड. सावकाश चालतं, पण दाबायचं एकदाच असतं.

तयार सिझिजी फायली पुन्हा झिप करू नका. काही मिळत नाही.

जय-पराजयाच्या फायली एसएसडीवर, अंतराच्या साध्या डिस्कवर.

आणि उतरवलेल्या फायलींचा चेकसम (फायलीतल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) तपासा. एक बिट उलटला तरी इंजिन छातीठोकपणे वजीर देऊन टाकतं, आणि तुम्ही आठवडाभर स्वतःच्याच कोडमध्ये बग शोधत बसता.